खाणमालकाचं चित्र

चित्रावरचा पडदा खाली आला, पण टाळी वाजली नाही. वाचनालयाच्या नव्या दालनात दीडशे माणसं गप्प झाली. रोवेना स्टिल्टनर भिंतीला टेकून याच शांततेची वाट बघत होती.

चित्र होतं खाणमालक मेरिट कॉफलिनचं. चित्रकार म्हणून रोवेनाचं न्यूयॉर्कमध्ये मोठं नाव होतं. सिनेटर, कुलगुरू तिच्यासमोर तासन्तास बसत. पण वेस्ट व्हर्जिनियातल्या आपल्या गावचं हे काम तिनं स्वतः मागून घेतलं होतं. तिचे वडील व्हर्जिल याच माणसाच्या खाणीत सव्वीस वर्षं राबले आणि छातीत कोळशाची धूळ साठून गेले. भरपाईच्या सुनावणीत कॉफलिन म्हणाला होता, "सिगारेटींनी गेला तो. खाणीचा काय संबंध?"

चार महिने तिनं त्याला समोर बसवलं. आवळलेले ओठ, समोरचा माणूस खिजगणतीतही नसल्यासारखे डोळे. काहीही गोड केलं नाही. गावानं त्याला एकदा नीट बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आता गाव बघत होतं. एका म्हाताऱ्या खाणकामगारानं नकळत डोक्यावरची टोपी काढली.

कॉफलिन चित्राजवळ गेला, बराच वेळ बघत राहिला आणि मोठ्यानं हसला.

"आजवर सगळ्या चित्रकारांनी माझा हसरा आजोबा करून ठेवला होता. तू बरोबर पकडलंस, पोरी! हे तोंड बघून संप करायची कुणाची छाती होईल?"

मग टाळ्या वाजल्या. आधी खाणीच्या मॅनेजरच्या, मागोमाग सगळ्यांच्याच.

रोवेना आईकडे गेली. ओपल पुढच्या बाकावर बसली होती. तिची नजर चित्रावरून हलत नव्हती.

"आई, चल इथून."

"थांब गं. काय जिवंत केलायस त्याला! आता बोलेल असं वाटतंय."

"आई, मला वाटलं होतं, लोकांना दिसेल तो कसा आहे ते."

"आम्हाला ते आधीच ठाऊक होतं, बाळा." ओपलचा आवाज अगदी साधा होता. "तुझे बाबा शेवटची दोन वर्षं खुर्चीतच होते. तू येशील, त्यांचं चित्र काढशील, म्हणून रोज सकाळी दाढी करून बसायचे."