सुकट कोण देतं?

टीबीच्या नव्या गोळ्या सुरू होताच योगराजचं डोकं दुखू लागलं. त्याच्या मायला, दुर्पताला, सुनेवर संशय आला. “भाजीत काय कालवून राहिलीस वं?” “मीठ. तुमीच चाखा ना,” दिव्या म्हणाली. तेव्हापासून दुर्पतानं लेकाला सुनेचं अन्न शिवू दिलं नाही. स्वतः भाजलेली जुनी सुकट खाऊ घातली. तरी डोकं फुटायला लागलं, तेव्हा पाण्याचाही संशय आला. सालेकशाच्या दवाखान्यात रक्तदाब बघून डॉक्टर दचकले. योगराजला काय खातो ते विचारलं, तो सुकट म्हणाला. “मेंदूतली रसायनं मोडणारं एन्झाइम ही गोळी अडवते. मग जुन्या सुकटीतलं द्रव्यही अंगात साचतं, रक्तदाब चढतो. जीव गेला असता. सुकट कोण देतं याला?” “मीच देते, साहेब,” दिव्या म्हणाली. डॉक्टर तिच्यावर खेकसले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. दुर्पता तिच्याकडे बघत होती. काय पाहिजे हिले?