ग्राइंडर की सँडर

“ग्राइंडरच घ्यायचा,” बाबा म्हणाले. “आणि पहिला हात मी मारणार. तू नंतर ये.”

भिंगरीने कमरेवर हात ठेवले. टेकूंवर उभ्या केलेल्या होडीत, दोघांच्या मध्ये, दोन मशिनं पडली होती. दुकानदाराने दोन्ही वापरून बघायला दिली होती. एक संध्याकाळी परत करायचं होतं. ग्राइंडर म्हणजे नुसता बकासुर. फायबरला टेकवला की बचकाभर खाऊन मोकळा. सँडर आपला गोगलगायीचा भाऊ, गोल गोल फिरत पातळ थर काढणारा. जुनी होडी, पातळ फायबर, मग सँडरच बरा, हे शेंबडं पोरही सांगेल. सकाळपासून तिने हेच घरभर ऐकवलं होतं. इतकं, की आईचं खलबत्त्यातलं कुटणंसुद्धा मध्येच थांबलं. आईलाही पटलं, असं समजून ती आणखी दोन इंच फुगली होती.

नवल बाबांचं होतं. संत्रं सोलायला अर्धा तास लावणारा माणूस, आज त्यालाच घाई सुटली होती.

या होडीसाठी भिंगरीने बाबांच्या किती विनवण्या केल्या होत्या! दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, रात्री येताना खाडीच्या तोंडाशी खडक लागला, असं त्यांनी सांगितलं. दुपारी वादळ आलं. त्यांची होडी आणि शेजारच्या काकांची होडी नेहमी जोडीने जायच्या, एकाला काही झालं तर दुसरा असावा म्हणून. त्या दिवशी काका एकटे गेले. परत आले नाहीत. बाबांनी भोकावर आतून-बाहेरून पुट्टी थापली, रंग फासला, वर ताडपत्री टाकली. तेव्हापासून सगळा धक्का त्यांना ‘खडकवाले’ म्हणतो. कोणी हसून म्हणतं, कोणी न हसता.

होडी नीट झाली की सुट्टीत सुकाणू भिंगरीच्या हातात, असं शेवटी ठरलं होतं. ते टोपणनाव ती पाण्यात बुडवून येणार होती.

“काकूंकडून काकांचा मास्क घेऊन येतो,” बाबा उतरता उतरता म्हणाले. “तोवर हात लावायचा नाही.”

त्यांची पाठ फिरली आणि तिने नाकाला रुमाल बांधला, चष्मा चढवला, सँडर सुरू केला.

मशीन गुणी होतं. रंग गेला. पुट्टी पिठासारखी उडाली. उरलेला तुकडा सुटून खाली पडला आणि मुठीएवढं भोक उघडं झालं. ती विजयाने वाकली आणि तशीच थांबली.

फायबरचे धागे बाहेरच्या बाजूला वळले होते. सगळेच्या सगळे. कागदात आतून बोट घुसवावं तसे. बाहेरून खडक लागला असता, तर ते आत यायला हवे होते, तिच्याकडे.

तिने कडेवरून हलकेच सँडर फिरवला. पुट्टीखालून एक गोल वळ वर आला. त्याच्या शेजारी दुसरा. नेम चुकलेले घाव. दोन्ही गोलांची कड एकाच जागी तुटलेली होती.

ती खाच भिंगरीला पाठ होती. लहानपणी तिच्याच हातून बत्ता खिडकीतून फरशीवर पडला होता आणि त्याच्या तोंडाचा टवका उडाला होता. आई आजही त्यानेच कुटते.

सकाळी ते कुटणं का थांबलं हे तिला आता कळलं.

आईला वादळाची धास्ती होती. आईने एक होडी थांबवली. दुसरी एकटी गेली.

शेडबाहेर चपला वाजल्या. बाबांचा आवाज आला, नको तेवढा मोठा. काकूंना ते म्हणत होते, की तुम्ही कशाला येता, धूळ आहे नुसती. काकू म्हणत होत्या, की धुळीने मी विरघळत नाही, पोरीचं काम बघू तर दे. काकूंच्या माहेरी होड्या बांधत. भोक बघून कुठून काय लागलं ते त्या सांगत. आणि काका गेल्यापासून त्यांचा एक घास आईशिवाय उतरत नव्हता.

भिंगरीने सँडर बाजूला टाकला आणि दोन्ही हातांनी ग्राइंडर उचलला.

तो किंचाळला. हाताला हिसका बसला, मनगट कळवळलं. वळांवर चकती टेकवून तिने दात आवळले. पहिला गोल गेला. दुसरा अर्धा राहिला. होडीच्या काठावर काकूंची बोटं दिसली. तिने अंगाचा सगळा भार दिला. दुसराही गेला. मग चकती तिरकी करून ती भोकाच्या कडेने फिरली आणि वळलेला धागा न् धागा कापून काढला.

मशीन बंद झालं तेव्हा भोक दुप्पट झालं होतं. त्याची कड पांढरी, गुळगुळीत आणि मुकी होती. काकूंच्या मागे बाबा उभे होते. त्यांच्या हातात मास्क तसाच होता.

“ही तर सकाळपासून सँडर सँडर करत होती ना?” काकूंनी विचारलं.

“बाबांचंच बरोबर होतं,” भिंगरी धापा टाकत म्हणाली. “खडक फार जोरात लागला होता.”

काकूंनी हात लांब करून त्या कडेवरून बोट फिरवलं, पार एक फेरी पुरी होईपर्यंत. मग पदराने भिंगरीच्या कपाळावरची धूळ पुसली.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “हे भोक एकदा पाहिलं होतं मी, तेव्हाच, पुट्टी लागायच्या आधी. परत बघायचं नव्हतं. चल आता, तुझी आई चहाला खोळंबली असेल.”