पक्कं स्थळ

“पोरगी शिकनारी नको, येवढंच हाय त्यांचं,” तानाजी म्हणाला आणि बशीतला चहा फुंकू लागला.

आश्रुबानं त्याच्यापुढं पानसुपारीचं तबक सरकवलं. आश्रुबाच्या लेकीला, रोहिणीला, परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात जागा लागून आठवडा झाला होता. जनावरांची डॉक्टर होणार होती ती. शनिवारपर्यंत जाऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा जाणार. आज गुरुवार होता.

दिंद्रुडच्या या घरानं दोन वर्षं नुसती वाट बघितली होती. पहिल्या साली रोहिणीचं थोडक्यात हुकलं. दुसऱ्या साली निकाल लांबला, मग प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या. यादी लागायची त्या दिवशी तिच्या आईच्या, छबुबाईच्या, भाकरी तव्यावर करपायच्या. समोरून कुणी येताना दिसलं की आश्रुबा वाट बदलायचा. लोक विचारणार, “लागला का नंबर?” अखेर नंबर लागला, पण आनंद चार दिवस टिकला नाही. हॉस्टेल मिळेल का, पोर एकटी राहील का, एवढं शिकून नोकरी लागेल का. आईबापाला असं टांगून ठेवायची आता रीतच पडली आहे, आणि टांगलेला माणूस मिळेल तो हात धरतो.

हात पुढे केला होता तानाजीनं. चकलांब्याचा हा माणूस; त्याची बायको सत्यशीला छबुबाईच्या माहेरकडून लांबच्या नात्यातली. जागा लागल्याच्या तिसऱ्याच दिवशी दोघं रोहिणीचं कौतुक करायला म्हणून आले आणि जाताना स्थळ सुचवून गेले. तानाजीच्या चुलतभावाचा मुलगा, पुण्यात कंपनीत पर्मनंट, देण्याघेण्याचं नाव नाही. मोबाइलवर फोटोही दाखवला. नंतर आश्रुबानं तानाजीची चौकशी केली. सोसायटीचा चेअरमन राहिलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं कळलं. तेवढं त्याला पुरलं.

“लग्न झाल्यावर शिकवतील की,” छबुबाई म्हणाली.

“समदे तसंच म्हणत्यात, अक्का. मी खोटं कावून सांगू? पोराच्या आईला सून घरात पायजे. रविवारी दुसरी पोरगी बघाया जानार व्हते, मीच थांबिवलंय. तुमी जागा सोडा. रविवारी मी पोराला घिऊन येतो. हितंच सुपारी फोडू.”

रोहिणी दारात उभी होती. “आबा, जागा लागलीय माझी. दोन वर्षांनी लागलीय.”

सत्यशीला उठून तिच्याजवळ गेली. पाठीवरून हात फिरवत तिनं विचारलं, “कॅटेगिरी कोनती गं तुजी, बाई?”

रोहिणीनं सांगितली. सत्यशीलानं नवऱ्याकडे बघून मान हलवली. छबुबाईला जरा नवल वाटलं. सोयरिकीत माणसं देवक विचारतात. पण हल्ली सगळेच असं बोलतात, असं तिनं मनाशी म्हटलं.

“तुमची पोर काय करती?” तिनं विचारलं.

“हाय घरीच. वाट बघायलीय.”

“भेटंल, भेटंल. तिलाबी चांगलं भेटंल.”

“तुमच्या तोंडात साखर पडू,” सत्यशीला म्हणाली.

आश्रुबानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “दोन वर्सं झोप न्हाई मला, रोहिणे. हे तरी पक्कं हाय.”

“आन् माझी जागा पक्की न्हाई का?”

आश्रुबा चिडला. “बापाच्या म्होरं बोलतीस? सोड म्हन्लं ना जागा.”

छबुबाई पोरीकडे बघत राहिली. दहा वर्षांची असताना याच पोरीनं अडलेल्या शेळीच्या पोटात हात घालून करडू बाहेर काढलं होतं. राहू द्या, जाऊ द्या तिला, एवढंच छबुबाईला म्हणायचं होतं. पण पाहुण्यांसमोर तिनं नवऱ्याचा शब्द मोडला नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, हे तिला पुढे जन्मभर वाटणार होतं.

रोहिणीनं मोबाइल काढला. जागा रद्द करायची कुठून, ते तिला सापडेना. तानाजीनं चष्मा लावला.

“डावीकडं तीन रेघा हायत बग, त्येच्यात जा. आता खाली. आनखी खाली. हां.”

“तुमाला लई म्हायती हाय, पाव्हणं,” आश्रुबा म्हणाला.

“गावातल्या पोरांचं मीच भरतो समदं.”

आश्रुबाच्या फोनवर ओटीपी आला. बाप एकेक आकडा वाचत गेला आणि लेक एकेक दाबत गेली. मग मोबाइल बाजेवर टाकून ती शेळ्यांकडे निघून गेली. तिच्या मागे जायची कुणाची हिंमत झाली नाही.

सत्यशीलानं डोळ्यांना पदर लावला. तिला खरोखरच रडू आलं होतं. एवढ्या मायेची बाई आपल्या सोयऱ्यांत आहे, याचं छबुबाईला बरं वाटलं. तिनं कुंकू लावून तिची ओटी भरली.

“रविवारी जेवायलाच या,” आश्रुबा गाडीपर्यंत येऊन म्हणाला. “पुरणाचा सैपाक करू.”

माजलगावच्या अलीकडे तानाजीनं मोटारसायकल बाजूला घेतली आणि घरी फोन लावला. “सायले, सोडली बग त्या पोरीनं जागा. आपल्या कॅटेगिरीच्या वेटिंगला पयला नंबर तुजाच हाय, ती जागा आता तुला. परभनीला जायाची तयारी कर.” पलीकडून लेक आनंदानं ओरडली, ते मागे बसलेल्या सत्यशीलालाही ऐकू आलं. तानाजीनं फोन खिशात टाकला. मग ती म्हणाली, “अवो, पर रविवारी त्यान्ला दावायला पोरगा कुठून आनायचा?”