साडेसहाची साखर

“आ करा.”

महिपतने आ केला. मालनने मोबाइलची बॅटरी पेटवून डावीकडच्या दाढा पाहिल्या, मग उजवीकडच्या. जीभ वर करायला लावली. बोटांचा वास घेतला. सदऱ्याचा खिसा उलटा केला, तर बसचं जुनं तिकीट निघालं. त्याचाही वास घेतला.

“काय खाल्लंत?”

“काही नाही गं. तुझी शपथ.”

“माझी नको. माझ्यावर आधीच पुष्कळ साठल्यात.”

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात मालन एकोणतीस वर्षं चेकर होती. गोळ्यांच्या पट्ट्या समोरून सरसर पळायच्या आणि एखादा कप्पा रिकामा असला की हिचा हात आपोआप पुढे जायचा. साहेब म्हणायचे, मशीन चुकेल, मालनबाई चुकायच्या नाहीत. अशी बाई नवऱ्याच्या साखरेवर पहाऱ्याला बसल्यावर कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्या दोन खोल्यांत शिरायची मुंगीचीही बिशाद नव्हती.

तरी साखर चढत होती.

डोंबिवलीच्या लेकीने, शिवानीने, बापाच्या दंडावर दहाच्या नाण्याएवढा, साखर मोजणारा सेन्सर चिकटवून दिला होता. रोज सुई टोचणं नको, काही नको. आकडा थेट आईच्या मोबाइलवर. दिवसभर तो आकडा गरीब गाईसारखा असायचा. एकशे तीस, एकशे पस्तीस. नाचणीची भाकरी, दुधीची भाजी, सकाळचं तासभर चालणं, गोळ्या, सगळं वेळच्या वेळी. आणि संध्याकाळी सव्वासहा झाले की आकडा उठून उभा राहायचा. मालन कंपनीची बस, मग रिक्षा करत साडेसहाला दारात पोचेपर्यंत एकशे नव्वद. पावणेसातला दोनशे वीस.

म्हणजे ती घरात यायच्या आत गडी उरकून घेत होता.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. तिच्या भावाचं, गणूचं, असंच झालं होतं. उशीच्या अभ्र्यात पेढे सापडले तोवर पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आणि आता महिपतच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. कल्याणच्या डॉक्टर रचना सरळ म्हणाल्या होत्या, “साखर खाली आली पाहिजे, काकू. नाहीतर पायाचं मी काही सांगू शकत नाही.”

मालनने डबे पालथे घातले. माळ्यावर चढली. गादीची शिवण उसवून कापूस चाचपला. देव्हाऱ्यातली खडीसाखर बंद करून देवालासुद्धा फुटाणे दाखवायला लागली. कुठे काही नाही.

मग उरली समोरची प्रमोदिनी. तिच्या गॅलरीतून रिक्षास्टँड स्पष्ट दिसायचा, म्हणजे मालन उतरली की आधी हिला कळणार. रविवारी मालन घरी असायची, तर आकडा सकाळपासूनच वर. आणि रविवारी प्रमोदिनीकडे शिरा असतो, हे अख्ख्या मजल्याला नाकानेच कळायचं. कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

एका बुधवारी मालनने अर्धी रजा टाकली. रिक्षा अलीकडच्या वळणावर सोडली. चपला हातात घेऊन जिना चढली आणि चारच्या ठोक्याला स्वतःच्या किल्लीने दार उघडलं.

महिपत पंख्याखाली शब्दकोडं सोडवत बसला होता. पेन्सिल निसटून गडगडत पलंगाखाली गेली.

“अगं! लवकर कशी?”

“का? अडचण झाली?”

मोबाइलवर एकशे बत्तीस. मालनने नेहमीची झडती घेतली, काही निघालं नाही. मग ती समोर स्टूल टाकून बसली आणि नुसती बघत राहिली. महिपत कोऱ्या चौकोनांकडे बघत राहिला. चार वीसला आकडा झाला एकशे अठ्ठ्याण्णव.

“माझ्या डोळ्यांदेखत?”

“अगं, मी नुसता बसलोय!”

“मी यायच्या आधीच गिळलंत. अंगात भिनायला वेळ लागतो, तेवढाच.”

ती तशीच समोर गेली. प्रमोदिनी डोळे चोळत दारात आली.

“खूण काय ठरलीय तुमची? पडदा हलवतेस की खोकतेस?”

“काय बोलताय, मालनताई? मी झोपले होते हो!”

“चार वाजता?”

“मग दुपारची झोप काय पहाटे काढू?”

मालनने मान हलवली. चोराच्या मनात चांदणं.

त्या दिवसापासून तिने झडती दोनदा सुरू केली. एकदा दारात, एकदा चहानंतर. त्या आठवड्यात आकडा दोनशे चाळीसवर गेला. तेव्हा मात्र तिने महिपतला हाताला धरलं आणि डॉक्टर रचनांसमोर नेऊन बसवलं.

“आता तुम्हीच ह्यांच्या तोंडून वदवून घ्या,” ती म्हणाली. “माझ्याने चोरी पकडवत नाही. पाय जाईल ह्यांचा, आणि हे बसतील हसत.”

महिपत हसत नव्हता. तो भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत होता.

डॉक्टरांनी मोबाइलवरचा महिन्याभराचा आलेख खालीवर केला. मग पुन्हा केला.

“काकू, काका चोरून खात नाहीत.”

“मग चढते कशाने?”

“साखर नुसत्या खाण्याने चढत नाही. माणूस धास्तावला, जीव टांगणीला लागला, तरी चढते. हे मला तसलं वाटतंय.”

“धास्ती? ह्यांना?” मालनला हसूच आलं. “पंख्याखाली बसून दिवसभर शब्दकोडी सोडवतात.”

“काका, तुम्ही सांगा. कसला ताण येतो?”

महिपतने बायकोकडे पाहिलं. मग घाईने पुन्हा मूत्रपिंडाकडे. “छे छे. मला कुठे काय.”

“बरं, काकू, तुम्हीच आठवा. रोज सव्वासहा-साडेसहाला घरात नेमकं काय होतं?”

मालनने डोळे बारीक केले. एकोणतीस वर्षांची नजर सगळ्या संध्याकाळींवरून एकदा फिरवली.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “दूध येतं साडेपाचला. बातम्या लागतात सातला. साडेसहाला तर फक्त मीच येते.”