गोपाळचं चित्र

रंग अजून ओला होता आणि शालिनीला आजच त्यावर पुढचा हात मारायचा होता.

"आज नाही," कृष्णनाथ म्हणाले. "खालचा थर कच्चा असताना वरचा चढवलास तर पुढच्या वर्षी तोंडाला भेगा पडतील."

"पुढचा वरीस कोणी बघितलाहा, गुरुजी? शिमगो सरलो की घरचे पुतळो जाळतले. त्याच्या आदी चेहरो पुरो होऊक होयो."

कृष्णनाथांनी तिच्या हातातला कुंचला काढून घेतला. डिचोलीच्या बाजारामागे त्यांची चित्रशाळा होती, आणि तैलरंगाला घाई चालत नाही हे सांगून त्यांचं तोंड दुखलं होतं.

चित्र शालिनीच्या नवऱ्याचं, गोपाळचं. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच तो बोटीवर नोकरी धरायला मुंबईला गेला. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते. पोर्तुगीज गेले, सासऱ्यांना खाणीवर काम मिळालं, सारं घर सावंतवाडीकडचं गाव सोडून डिचोलीजवळच्या मुळगाव नावाच्या खेड्यात आलं, पुढे सासरेही वारले. गोपाळचा मात्र पत्ता नाही. मुळगावात त्याला कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्यापुरता गोपाळ म्हणजे भिंतीवरचं चित्र. शालिनीच्या मामाने, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसाने, ते लग्नात काढून दिलेलं. चुलीच्या धुराने तेही काळं पडलं होतं.

आता बारा वर्षं भरली होती. बारा वर्षं बेपत्ता असलेल्याचा दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, ही रीत. त्याबरोबर शालिनीचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार. तिशीसुद्धा उलटली नव्हती तिची. माहेरी कुणी उरलं नव्हतं. जन्मभर चुलीपाशी, कुणाच्या शुभकार्यात पुढे यायचं नाही. नुसत्या विचाराने तिचा जीव गुदमरायचा.

दीर यशवंत वाईट नव्हता. गोपाळ गेला तेव्हा तो सहा-सात वर्षांचा पोर होता. भावापेक्षा भावाचं चित्रच त्याच्या जास्त ओळखीचं. पण त्याचं लग्न अडलं होतं. जित्याचा पत्ता नाही नि मेल्याचं सुतक नाही, अशा घरात मुलगी कोण देणार?

काजळी धुऊन हवी म्हणून शालिनी चित्र घेऊन डिचोलीला आली होती. कृष्णनाथांनी ते पुसलं आणि म्हणाले, चेहरा निम्मा गेलाय, पुन्हा उभा करावा लागेल. मग मला शिकवा, ती म्हणाली. ते हसले. जवसाचं तेल म्हणजे फोडणीचं तेल नव्हे, म्हणाले. पण तिचा हात बघितला आणि मामाची भाची आहे हे त्यांना कळून चुकलं.

आधी वांगं, मग तांब्या, मग माणूस. चेहरा पहिल्यांदा नुसत्या मातकट रंगात आणि पांढऱ्यात उभा करायचा, अगदी राख फासल्यासारखा. तो वाळला की पेजेच्या निवळीइतका पातळ रंग तेलात कालवून त्यावर पसरायचा. खालचं वरून दिसलं पाहिजे. एका हाताने काही बदलल्याचं कळत नाही. हातावर हात चढत गेले की गालात रक्त दिसायला लागतं.

कातडीचा रंग माणसाच्या गालावर बघूनच शिकायचा, म्हणून कृष्णनाथ धाकूला समोर बसवत. तो आमोण्याला खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी होता, मूळचा कारवारकडचा, पुढेमागे कुणी नसलेला. चहा-पाव घ्यायचा आणि गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. गप्प बसणं त्याला छान जमायचं.

"जुन्या चित्रात नाक असंच होतं का गं?" कृष्णनाथांनी एकदा विचारलं.

काजळीखाली दिसत नव्हतं, असं तिने सांगितलं.

प्रत्येक हातानंतर चित्र वाळायला घरी जायचं. भिंत रिकामी ठेवायची नाही, असा सासूचा, आनंदीचा हुकूम होता. यशवंत जाता-येता बघायचा आणि दादा आता माणसात आल्यासारखा दिसतो म्हणायचा. आनंदीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती चित्राला नाक टेकवून बघायची आणि परत चुलीपाशी जाऊन बसायची.

शिमगा झाला. शेवटचा हात वाळला त्याच आठवड्यात भटजी आले. अंगणात दर्भाचा पुतळा बांधून झाला. शेजारच्या बायका शालिनीला मध्ये घेऊन बसल्या. एकीने तिचे दोन्ही हात धरले. शालिनीची नजर रस्त्यावर खिळली होती, आणि रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांच्या लाल धुळीखेरीज काही नव्हतं. आता कुणी येत नाही, तिच्या मनाने घेतलं. ती रडायला लागली, आणि ते रडणं खरं होतं.

तेवढ्यात एक माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन धुळीतून अंगणात आला.

बायकांनी त्याच्याकडे बघितलं, उघड्या दारातून भिंतीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. तीच भुवई, तेच नाक, तीच हनुवटी. यशवंतच्या तोंडून "दादा" एवढंच निघालं आणि तो त्याच्या पायांवर कोसळला.

"आई," तो माणूस म्हणाला.

आनंदी भिंत धरून उठली. चाचपडत आली. दोन्ही तळवे तिने त्याच्या तोंडावरून फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश.

"माझो गोपाळ इलो," आनंदी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तो पुतळो सोडा."

भटजी दर्भाच्या गाठी सोडू लागले. यशवंत डोळे पुसत साखर आणायला धावला. बायका ओवाळायला तबक शोधू लागल्या. त्या गडबडीत आनंदीने शालिनीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"चित्र बरा जमला गो तुका. पण माझो झील माका आई नाय, बाये म्हणायचो. ह्येका तेवढा सांगून ठेव."