न पडणारं विमान

आत विमान घरघरत होतं आणि बाहेर ओट्यावर भगवंत फुलांची रिकामी टोपली घेऊन बसला होता. घर लेकीचंच, पण तिला मूल होईस्तोवर तिच्याकडे पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. घ्यायचं काही नाही, तर आत तरी कशाला जायचं, असं त्याने स्वतःच वर ठरवून टाकलं होतं. रीत पाळण्यात भगवंतचा हात धरणारा कोणी नव्हता.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या देवळांना शेवंती पोचवून परतताना तो संध्याकाळी इथे टेकायचा. गीतांजली बाहेर यायची, दोन शब्द बोलायची. जावई देवानंद मात्र कॉम्प्युटरसमोरून हलायचा नाही. तो जिनिंगमध्ये सुपरवायझर होता. कापूस बुडाला, जिनिंगला कुलूप लागलं आणि तिथल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर याच्या घरी आला. त्यात विमान उडवायचा खेळ होता. तेव्हापासून हे महाशय दिवसभर पायलट.

आत देवानंद ओरडला. शिवी विमानाला होती की आणखी कोणाला, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. मग खुर्ची आपटली. गीतांजलीचा दबका आवाज आला. पुन्हा काहीतरी आपटलं आणि पाठोपाठ स्पीकरमधून मोठ्ठा धडाम झाला. विमान पडलं.

त्यानंतर सगळं चिडीचूप. भगवंतला त्या शांततेचीच धास्ती वाटायची. थोड्या वेळाने घरघर नव्याने सुरू झाली आणि दार उघडलं. गीतांजलीच्या खालच्या ओठातून रक्त येत होतं.

"काय झालं वं?"

"कपाटाचं दार लागलं."

"विमान पडलं का मारते काय तो तुले?"

तिने पदर ओठावर दाबला. "तुमी जा बाबा. आई वाट पाहत असन."

मागे तिची करंगळी मोडली होती. त्याआधी दंडावर इस्त्रीचा चटका होता. दर वेळी भगवंतने आधी धडाम ऐकला होता आणि मग लेकीची अवस्था पाहिली होती. त्याला आता वेगळा पुरावा नको होता.

घरी येऊन तो खुरप्याला धार लावत बसला.

"त्याच्या मानेतच घालतो," तो बायकोला म्हणाला.

"घाला," सत्यवती म्हणाली. "मंग तुमी जेलात आन् पोरगी रांडमुंड. लय भलं होईन तिचं."

त्याने खुरपं खाली ठेवलं. जावयाला जाब विचारायचा नाही, लेकीला घरी आणायचं नाही, हीही रीतच. मग उरलं काय? विमान. ते पडलं नाही, तर त्याचं डोकं फिरणार नाही.

अकोल्याला स्टेशनाजवळ अरीबचा सायबर कॅफे होता. त्याच्या बापाचा मळा भगवंतच्या मळ्याला लागून, त्यामुळे घरोबा जुना. भगवंतने त्याला सगळं सांगितलं.

"एवढंच ना काका?" अरीब म्हणाला. "खेळाच्या सेटिंगमधी एक खूण असते. ते काढली का विमान फुटतच नाही. जमिनीवर आपटलं तरी उसळून पुढं चालते."

"जावयाले कळन?"

"त्याले वाटन, आपला हात बसला."

धोंड्याचा महिना आलाच होता. जावयाला जेवायला बोलावलं. लोक जावयाला चांदीची वाटी देतात, भगवंतने अनारशांच्या ताटात खेळातलं विमान उडवायची नवीकोरी जॉयस्टिक ठेवली. देवानंद हरखला.

"मामाजी, माह्या मनातलं वळखलं तुमी!"

ती जोडून द्यायला अरीब त्याच्या घरी गेला. भगवंत नेहमीप्रमाणे ओट्यावरच बसला. काम आटपून अरीब बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "झालं काका. कीबोर्डच्या बटनांत बांगडीच्या काचा फसल्या होत्या. त्याबी काढल्या."

आता तरी सुटली बिचारी, असं म्हणून भगवंतने ओट्यावरूनच देवाला हात जोडले.

दुसऱ्या संध्याकाळी तो मुद्दाम जास्त वेळ थांबला. आत ओरडणं झालं, आपटणं झालं. भगवंतने श्वास रोखून धरला. धडाम काही झाला नाही. विमान घरघरत राहिलं. पुन्हा ओरडणं झालं, पण धडाम नाहीच. भगवंतला हसू फुटलं. चांगला चाललेला डाव कशाला मोडा, म्हणून त्याने दारही वाजवलं नाही. वाटेत सत्यवतीसाठी गरम जिलबी घेतली.

जिलबी संपायच्या आत गीतांजलीची शेजारीण इंदूबाई धापा टाकत दारात उभी राहिली.

दवाखान्यात त्याने लेकीला चटकन ओळखलंच नाही. दोन्ही हात मोडलेले, एक डोळा सुजून मिटलेला, ओठाला टाके. देवानंदला पोलिसांनी नेलं होतं. सत्यवती भिंतीवर डोकं आपटून घेत होती. भगवंत खाटेजवळ गुडघ्यांवर बसला आणि लहान लेकरासारखा रडू लागला.

"आता तं विमान पडत नोतं," तो म्हणाला. "पडूच नये म्हून म्याच अरीबकडून तशी सोय करून घेतली होती, बाई. मंग काहून मारलं त्यानं?"

गीतांजलीने उघडा डोळा बापाकडे वळवला.

"मार सहन होयेना का मीच कीबोर्डवर हात टाकून विमान पाडत होती, बाबा," ती म्हणाली. "ते पडलं का तो मले सोडून पुन्हा उडवाले बसे."