बंद फोडणी

दाराला कडुलिंबाचा डहाळा होता, गोवराचं पथ्य म्हणून घरात फोडणी बंद. लस टोचल्यावर आठवड्याभरानं हिराच्या लेकीच्या अंगावर पुरळ उठलं होतं. "लसीनंच गोवर दिला," म्हणत वस्तीनं ऐन साथीत नर्सबाईंना दारं लावली होती.

आज नर्सबाई लेकीच्या घशातून घेतलेल्या नमुन्याचा प्रयोगशाळेतला निकाल घेऊन आल्या. "साथीतला गोवर नाही हा. लसीतला दुबळा विषाणू आहे."

"पुरळ तर तसंच दिसतंय. कळलं कसं?"

"त्याची जनुकं वाचून."

"म्हणजे लसीनंच उठलं ना?" हिराचा आवाज चढला.

"हो. दुबळ्याशी लढून तिचं अंग खऱ्या गोवराशी लढायला शिकतंय."

हिरानं लेकीच्या दंडावरचे फिकट ठिपके न्याहाळले. मग तेल तापवून मोहरी टाकली.

तडतड ऐकून शेजारीण लेकराला कडेवर घेऊन आली. "गोवर गेला?"

"आलाच नव्हता," हिरा म्हणाली. "बाई आहेत अजून. ह्याला टोचून घे."